सांधलेल्या काचेची पारख

फुटक्या काचांचे तुकडे भट्टीत वितळवून घडविलेली कलाकृती पाहिली की आपण ‘भंगातून ऐक्य’ या सोप्या आशयावर भाळतो. समीक्षेने त्यापुढे गेले पाहिजे. काच इतकी भाबडी नाही.

मराठवाड्याला काच परकी नाही. लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकालीन काचमणी सापडले व तेथील लामतुरे संग्रहालयात ते जपले आहेत. नांदेड-लातूरच्या आजच्या प्रयोगशील कलावंताला फुटके तावदान कोठेही मिळेल. धीर मात्र स्वतःचा आणावा लागेल.

मुंबईच्या अफगाण चर्चमधील विल्यम वेल्स यांच्या रंगीत खिडक्यांत तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले, तरी वेगळे राहतात. भट्टीतील काचेला असा आधार नाही. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तुकडे एकजीव होतात. पण भिन्न जातींच्या काचा निवताना सारख्या आकसत नाहीत. तो ताण आत साठतो आणि अखंड भासणारा सांधा काही दिवसांनीही तडकतो. म्हणून जाणता कलावंत एकाच तावदानाचे तुकडे घेतो आणि ५०० अंशांच्या वर भट्टी थोपवून काच सावकाश निववितो.

कडा पूर्ण विरल्या तर उरते साधी लादी. मुळीच न विरल्या तर नुसती रास. या दोहोंमधील क्षण साधला आहे काय, हीच खरी कसोटी होय. आपली भाषा बांगडी ‘फुटली’ न म्हणता ‘वाढली’ म्हणते आणि भंग झाकते. चांगली काचकृती तो दिसू देते.