'द कार्ड काउंटर' : अभिनय भक्कम, मांडणी विस्कळीत

जुगारावरील चित्रपट म्हटले की आपल्याला मोठे डाव आणि एका रात्रीत पालटणारे नशीब आठवते. पॉल श्रेडर लिखित-दिग्दर्शित 'द कार्ड काउंटर' (२०२१) त्या वाटेने जात नाही.

कथासूत्र
नायक विल्यम टेल हा अबू घरैब तुरुंगातील कैद्यांच्या छळात सामील असलेला माजी अमेरिकी सैनिक. लष्करी तुरुंगात शिक्षा भोगताना तो पत्ते मोजायला शिकतो. सुटल्यावर तो कॅसिनोंतून फिरतो, बेताने जिंकतो आणि नजरेत भरण्याआधी निघून जातो. पुढे त्याला कर्क भेटतो. छळाचे तंत्र शिकवणाऱ्या गॉर्डोचा या तरुणाला सूड घ्यायचा आहे. छायाचित्रांत दिसलेल्यांना शिक्षा झाली, गॉर्डो मात्र सुटला.

खेळातील गणित
नाणेफेकीत मागच्या निकालाचा पुढच्यावर परिणाम होत नाही. ब्लॅकजॅकमध्ये तो होतो, कारण पडलेला पत्ता कॅटमधून कमी झालेला असतो. म्हणून २ ते ६ पडले की अधिक एक, ७ ते ९ ला शून्य, १० ते एक्का पडले की उणे एक, अशी बेरीज ठेवतात. तिला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागले की पुढचा कल समजतो. थोडक्यात, या खेळाला स्मृती आहे. टेललाही आपला भूतकाळ विसरता येत नाही. खेळ आणि माणूस यांची ही जोड चित्रपटाचे खरे बळ आहे.

अभिनय
ऑस्कर आयझॅक आवाज चढवत नाही. मोटेलच्या खोलीत तो कर्कला धमकावतो आणि मग घरी परत जाण्यासाठी पैसे देतो, तो प्रसंग लक्षपूर्वक पाहा. माया आणि जुनी क्रूरता एकाच शांत स्वरात ऐकू येतात. विनोदासाठी परिचित असलेल्या टिफनी हॅडिश येथे संयत आहेत. विलेम डॅफो थोडाच वेळ दिसतात, पण धाक बसवतात.

उणिवा
शीर्षक पत्ते मोजण्याचे, पण कथा लवकरच पोकरच्या स्पर्धांकडे वळते. तिथे मोजणीचे सूत्र सुटते आणि त्याची जागा घेणारे दुसरे काही मिळत नाही. ला लिंडाशी जुळणारे नाते घाईत उरकले आहे. कर्कचा निर्णायक निर्णय आपल्याला दिसत नाही, फक्त कळवला जातो. त्यामुळे शेवटाला हवे तेवढे वजन येत नाही. अखेरची हिंसा कॅमेऱ्याबाहेर ठेवणे मात्र योग्य वाटते. छळाचा तमाशा करण्यास दिग्दर्शक नकार देतो.

निष्कर्ष
कथेची वीण सैल असूनही चित्रपट पाहावा, कारण तो विचारतो : शिक्षा भोगली म्हणजे अपराध फिटतो का? उत्तर पटकथेपेक्षा आयझॅकच्या चेहऱ्यावर अधिक स्पष्ट वाचता येते.

विचारासाठी प्रश्न
१. ब्लॅकजॅकऐवजी रूले घेतला असता, तर टेलचे पात्र उभे राहिले असते का?
२. आज्ञा पाळणारा आणि आज्ञा देणारा यांची जबाबदारी चित्रपट कशी वाटून देतो?