शोक, श्रद्धा आणि सहभागिता : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांचा अंक हाती आला की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम श्रद्धांजलीचे पान उघडतात. छायाचित्राखाली जन्ममृत्यूच्या तारखा, त्यानंतर दिवंगत व्यक्तीच्या धार्मिकतेचा आणि मनमिळाऊ स्वभावाचा उल्लेख, अखेरीस ती प्रभूच्या घरी विसावल्याचे सांगणारे एक वाक्य. या पानाविषयी आम्हांला आदर आहे. एखाद्या कुटुंबाने ते दाटल्या कंठाने लिहिलेले असते. तथापि समीक्षेच्या दृष्टीने पाहता एक गोष्ट खटकते. नाव आणि छायाचित्र बदलले, तर तोच मजकूर दुसऱ्या कोणालाही चालून जाईल. सांत्वन इतक्या लगबगीने येते की गेलेला माणूस कोण होता, त्याच्या जाण्याने घरातील कोणती जागा रिकामी झाली, हे उमगण्यापूर्वीच मजकूर संपतो.

श्रद्धेला शोकाचे भय वाटू लागले आहे काय, असा प्रश्न अशा वेळी पडतो. जालना एमआयडीसीच्या परिसरात तो अधिकच टोचतो. येथे लोखंडी सळया घडविणारे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत आणि पाळीच्या भोंग्यावर चालणारी घरे आहेत. कोणी मराठवाड्यातील खेड्यातून आलेला, कोणी दूरच्या प्रांतातून. अशा वस्तीत मृत्यू झाला तर रडायला चार नातलगही जवळ नसतात. असते ती रविवारच्या मिस्सेला शेजारी बसणारी मंडळी. त्या मंडळीने शोकाचे काय करावे, हे शिकविणारे पुस्तक मराठीत आहे काय? आमच्या मते आहे, आणि ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी पुत्र देवदत्त यांच्या आग्रहावरून आपल्या आठवणी लिहिल्या आणि १९३४ पासून पुढील काही वर्षांत त्या चार भागांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये निवर्तल्या. मराठी आत्मचरित्रांत या ग्रंथाचे स्थान वादातीत आहे. त्याच्या साध्या, घरगुती भाषेची आणि विनोदाची स्तुती पुष्कळ झाली. परंतु हे पुस्तक पहिल्या पानांपासून हानीचे पुस्तक आहे, याकडे आपल्या ख्रिस्ती वाचकांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही, असे आम्हांला वाटते.

आरंभच पाहा. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील १८५७ च्या बंडात फाशी गेले. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याने पछाडले. घरात येणारी वस्तू पाण्याने शुद्ध करून घ्यायची, कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, असा त्यांचा खाक्या झाला. बाई हे सारे हसतहसत सांगतात आणि वाचकही हसतो. मात्र थोडे थांबून विचार केला तर हसू ओसरते. ज्या दुःखाला बोलायला माणूस मिळाला नाही, ते दुःख येथे कर्मकांडाची भिंत होऊन बसले आहे. कोणालाही जवळ येऊ न देणे हेच त्याचे औषध झाले, आणि त्या औषधाचा त्रास साऱ्या घराने सोसला. लेखिका हा निष्कर्ष कोठेही काढीत नाही. प्रसंग समोर ठेवते आणि पुढे जाते. पण पुढील सगळ्या ग्रंथाचे सूत्र आमच्या मते येथेच आहे. वाटून न घेतलेला शोक माणसाला माणसापासून तोडतो, आणि वाटून घेतलेला शोक नाती जोडतो.

ग्रंथाच्या मध्यभागी १८९५ साल उभे आहे. त्या वर्षी १० फेब्रुवारीस नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे या घटनेचे वर्णन सामान्यतः टिळकांच्या बाजूने होते : सत्याचा शोध, छळाची तयारी, अखेरीस प्रकाश. ते खरेही आहे. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण दुसऱ्या बाजूस, नातलगांच्या घरात, मुलाला पोटाशी धरून बसलेल्या पत्नीजवळ असतो. एकाला लाभलेला प्रभू म्हणजे दुसरीने गमावलेला पती. तिचे कुंकू आहे आणि संसार नाही. नवरा जिवंत आहे आणि लोकांच्या नजरा मात्र सांत्वनाला आलेल्यांच्या. जवळजवळ पाच वर्षे ही ताटातूट चालली.

येथे लक्ष्मीबाईंनी जे साधले आहे, ते आपल्या धार्मिक वाङ्मयात दुर्मीळ होय. हा भाग त्यांनी ख्रिस्ती झाल्यानंतर कित्येक वर्षांनी लिहिला. हे दुःख देवाच्या योजनेचाच भाग होते, सबब ते दुःख नव्हतेच, असे म्हणणे त्यांना सहज शक्य होते. प्रवचनात आपण असे अनेकदा ऐकतो. बाईंनी ते केले नाही. त्या वेळी जेवढे दुखले तेवढेच त्यांनी लिहिले. पतीवर रागावलेली, त्याच्या धर्मांतराने हादरलेली ती तरुण स्त्री त्यांनी पुढच्या श्रद्धेच्या रंगाने रंगविली नाही. श्रद्धा खरी असेल तर तिला मागच्या अश्रूंची साक्ष पुसावी लागत नाही, हे या संयमातून दिसते.

पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी प्रथम आपले सोवळे घेऊनच परतल्या. स्वतंत्र चूल, स्वतंत्र पाणी. जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसाची करणी आहे, हा विचार त्यांना राहुरीच्या मुक्कामात मनोमन पटला आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. हा क्रम वेदीजवळ उभे राहणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना फार बोलका वाटतो. सिद्धांत समजण्यापूर्वी त्यांनी पंगत स्वीकारली. ख्रिस्ताच्या मेजाकडे त्या शेजाऱ्याच्या घागरीवरून गेल्या. वडिलांच्या दुःखाने बांधलेली भिंत लेकीने पाण्याच्या एका घोटाने पाडली. सहभागिता हा शब्द आपण उपदेशात पुष्कळ वापरतो. त्याची किंमत काय असते ते या पानांत दिसते.

त्यानंतर ग्रंथ माणसांनी भरून जातो. दुष्काळातील पोरकी मुले घरात येतात, नगरच्या प्लेगच्या छावणीत आजाऱ्यांची शुश्रूषा होते. भीती वाटत असतानाही त्या पुढे होतात, आणि आपण भ्यालो होतो हेही लिहितात. येथे सहभागिता म्हणजे भावनेचा उमाळा नव्हे. अंथरूण स्वच्छ करणे, मुलाला भरविणे, रात्री जागणे ही कामे म्हणजे सहभागिता. स्वतः टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे सर्व ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, हा तिचा हेतू. टिळक ९ मे १९१९ रोजी गेल्यामुळे ते स्वप्न बहुतांशी अपुरे राहिले. आमच्या मते दरबाराची कल्पना कवीची असली, तरी तो रोजच्या घरात भरविला तो त्याच्या पत्नीनेच.

पतीच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी काय केले? टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभिले होते. त्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. काव्यगुणांच्या तराजूत दोघांचे अध्याय समान उतरतात असे आम्ही म्हणणार नाही. परंतु विधवेच्या शोकाला लाभलेले हे रूप मराठीत एकमेव असावे. जो प्रभू आपला नवरा घेऊन गेला असे तिला एकेकाळी वाटले, त्याच प्रभूचे चरित्र तिने नवऱ्याच्या पश्चात त्याच्याच लेखणीने पुढे नेले.

येथे संत ऑगस्टीनची आठवण होते. त्यांची माता संत मोनिका ३८७ मध्ये ऑस्टिया येथे मरण पावली. ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या नवव्या भागात ते सांगतात की पुनरुत्थानावर विश्वास असल्याने रडणे त्यांना अयोग्य वाटले. दफनाच्या वेळीही त्यांनी अश्रू आवरले आणि मग एकांतात देवापुढे ते मोकळे झाले. रडल्याबद्दल वाचकाने आपल्याला हसू नये, अशी विनवणीही ते करतात. महापंडित धर्माचार्याला जी कबुली देताना संकोच वाटला, ती लक्ष्मीबाई संकोचाशिवाय देतात. लाजरला आपण उठविणार हे ठाऊक असतानाही प्रभूच्या डोळ्यांत त्याच्या कबरीपाशी पाणी आले, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आपण वाचतोच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये जो नवा अंत्यविधी आला, त्यात पुनरुत्थानाच्या आशेवर यथार्थ भर आहे. परंतु आशेवर भर देणे म्हणजे रडणाऱ्याला गप्प करणे, असा अर्थ कोणी काढू नये.

काही भाविक वाचकांचा आक्षेप असतो की ‘स्मृतिचित्रे’मध्ये देवापेक्षा घरातील गमतीजमती अधिक आहेत. आक्षेप समजण्याजोगा आहे. सिद्धांताची चर्चा शोधणाऱ्याला हे पुस्तक निराश करील. मात्र या विनोदात कडवटपणा नाही आणि लपवाछपवीही नाही. ज्या पतीने अपार दुःख दिले, त्याच्या विसराळूपणाचे आणि उधळ्या औदार्याचे किस्से बाई प्रेमाने सांगतात. क्षमेवर त्या प्रवचन देत नाहीत, पण त्यांचे हसणे क्षमेतूनच आलेले आहे.

तरीही ग्रंथाची एक मर्यादा सांगितली पाहिजे, आणि ती जालन्यात बसून अधिक स्पष्ट दिसते. हे एका ब्राह्मण कविकुटुंबाचे चित्र आहे. त्या काळी मंडळीत आलेल्या बहुसंख्य दलित कुटुंबांनी काय गमावले, हे त्यांच्याच तोंडून येथे ऐकू येत नाही. आपल्या जालन्याचेच उदाहरण घ्या. नारायण शेषाद्री यांचा १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत न्यायालयाच्या निर्णयाने वडिलांच्या स्वाधीन झाला आणि त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतची बाजू घेतली. असा भाऊ गमावलेले हे शेषाद्री पुढे जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसविले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेपर्यंत त्यांचे नाव पोहोचले. परंतु बेथेलमध्ये नांगर धरणाऱ्या, प्रामुख्याने मातंग समाजातून आलेल्या माणसांचे काय? कोणी गाव सोडले, कोणी वतन, कोणी आईबाप. त्यांच्या घरची एखादी ‘स्मृतिचित्रे’ आपल्या हाती नाही. शेषाद्री काय, टिळक काय, दोघेही आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. पण ही उणीव पंथ पाहून येत नाही. ती आपलीही आहे.

औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. या भागातील आपले सामुदायिक जीवन तसे तरुणच. एमआयडीसीतील पहिल्या पिढीची माणसे आता एकेक करून जात आहेत. २०२० च्या टाळेबंदीत अंत्यविधीला २० पेक्षा अधिक माणसांना परवानगी नव्हती. कित्येकांना मंडळीचा खांदा लाभला नाही, आणि मागे राहिलेल्यांचे रडणे घरातच कोंडले गेले. त्या घरांचे दुःख अजून बोलले गेलेले नाही. ते वाटून घेतले नाही तर भिंतीच उभ्या राहतील, हे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या उदाहरणावरून आपण ओळखावे.

म्हणून वाचकांना आमची विनंती एवढीच. पुढच्या वेळी श्रद्धांजली लिहिताना शेवटच्या वाक्याकडे धावू नका. भट्टीच्या पाळीवरून परतल्यावर तो माणूस प्रथम काय करीत असे, ते लिहा. ती माउली कोणाच्या डब्यात भाकरी घालीत असे, कोणाशी भांडली आणि पुन्हा बोलू लागली, तेही लिहा. ते वाचून शेजारचे कुटुंब आपल्या घरी येईल आणि आपणांस ठाऊक नसलेली त्यांची एक आठवण सांगेल. पुनरुत्थानावरील आपला विश्वास त्याने उणा होणार नाही. प्रभू आपल्या प्रत्येक मेंढराला नावाने ओळखतो; आपणही आपल्या मृतांना निदान तेवढे ओळखीचे राहू द्यावे.