‘विकत घेतले’ म्हणजे काय? : खेळ, कुलूप आणि स्वत्व

या मालेत आम्ही शंकराचार्यांवर बोललो, ह्यूमवर बोललो. आज व्हिडिओ गेमवर बोलणार म्हटल्यावर आयोजकांनी दोनदा फोन करून विषय खरा आहे ना, याची खात्री करून घेतली. खरा आहे. आम्ही स्वतः आयुष्यात एकही गेम खेळलेलो नाही, पत्त्यांतला झब्बू सोडला तर. त्यामुळे खेळाची समीक्षा आमच्याकडून अपेक्षू नका. खेळणाऱ्यांची एक तक्रार आहे, ती विचाराच्या कसोटीवर कितपत टिकते, एवढेच आज बघायचे आहे.

प्रसंग घरचाच. गेल्या दिवाळीनंतर आम्ही पुस्तके वाटायला काढली. वय झाले, घर लहान, आणि पुढच्या पिढीला कपाटे नकोत. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने चौदा खोकी घ्यायचे कबूल केले. नातू खोकी भरायला बसला होता. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मध्येच म्हणाला, “आजोबा, तुम्हाला हे देता तरी येतंय. माझी लायब्ररी मला कुणाला देताच येणार नाही.”

आम्ही हसलो. तो आत गेला आणि एक डबा घेऊन आला. मुंजीत आलेल्या पाकिटांच्या पैशांतून घेतलेला गेम, डीव्हीडीचा. दोन संगणक बदलले, एकदा हार्ड डिस्क गेली, आणि त्यानंतर पुन्हा गेम टाकायला गेला तर पडद्यावर उत्तर आले की तुमची मर्यादा संपली. कंपनीला ईमेल केले. कंपनीचे नाव आम्ही घेत नाही. तिकडून उत्तर आले की नवी आवृत्ती सवलतीत मिळेल, ती घ्या. नातू म्हणाला, “डबा इथे आहे, पावती आहे. आणि वर्गातल्या ज्या मुलाने तोच गेम फुकट उतरवून घेतला होता, त्याचा अजून चालतो.” हे शेवटचे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना.

या कुलपाला डिजिटल राइट्स मॅनेजमेंट म्हणतात, डीआरएम. हक्कांचे व्यवस्थापन! कुणाच्या हक्कांचे, हे नावात सांगितलेले नाही. खेळणारे त्याला हक्कांवरचे निर्बंध म्हणतात, आणि नाव ठेवण्याच्या बाबतीत तेच जास्त प्रामाणिक आहेत.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही, हे आधी सांगून टाकतो. लॅमिंग्टन रोडवर एकेकाळी काय विकले जायचे, हे इथल्या पन्नाशीच्या पुढच्यांना आम्ही सांगायला नको. पण कुलपाने चोर अडला का? २००८ मध्ये ‘स्पोर’ नावाचा गेम तीन संगणकांच्या मर्यादेसह निघाला. लोक चिडले, कंपनीला मर्यादा वाढवावी लागली आणि चोरट्या प्रती तर सर्वत्र फिरल्याच. २०१० मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’सारख्या एकट्याने खेळायच्या गेमलाही सतत इंटरनेट सक्तीचे केले. त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेलेच दाराबाहेर राहिले. २०१३ च्या ‘सिमसिटी’चेही तेच. सर्व्हर कोसळले, इंटरनेटशिवाय हा गेम चालवणे फार अवघड आहे असे लोकांना सांगण्यात आले, आणि वर्षभराने त्याच गेमला इंटरनेटशिवाय खेळायची सोय मिळाली. म्हणजे अवघड होते, पण अशक्य नव्हते. उलट बाजूला पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा ‘विचर ३’ बघा. २०१५ मध्ये तो त्यांच्या जीओजी या दुकानात पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा मिळत होता, आणि सगळीकडच्या मिळून त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या.

पण ही झाली उपयुक्ततेची चर्चा. कुलूप चालते की नाही, हा व्यापाऱ्याचा प्रश्न. आमचा प्रश्न निराळा आहे, आणि तो ‘द क्रू’ या गेमच्या प्रकरणात सर्वांत उघडा पडतो.

डिसेंबर २०१४ मध्ये निघालेला हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. सगळी अमेरिका आटवून तिचा एक नकाशा केला होता. एकट्याने या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गाडी हाकत जाता यायचे. एकट्याने हाकतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले असणे मात्र सक्तीचे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले. डीव्हीडी घेतलेल्यांच्या हाती नुसती चकती राहिली. पुढे काहींच्या खात्यांतून तो परवानाही काढून घेण्यात आला. कॅलिफोर्नियात ग्राहक न्यायालयात गेले, तेव्हा कंपनीचे म्हणणे असे की लोकांनी गेम विकत घेतलाच नव्हता, वापरण्याचा परवाना घेतला होता.

त्या रात्री आम्ही बांधून ठेवलेल्या खोक्यातून ‘मिताक्षरा’ पुन्हा बाहेर काढली. तुम्ही म्हणाल, गेमचा आणि विज्ञानेश्वराचा काय संबंध? सांगतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला हा टीकाकार. वारसाहक्काच्या प्रकरणात शिरताना तो आधी एक मूलभूत प्रश्न घेतो : स्वत्व, म्हणजे ‘हे माझे आहे’ ही गोष्ट, कशी कळते? शास्त्राने सांगितली म्हणून, की लोकव्यवहारातून? त्याचे उत्तर, स्वत्व लौकिक आहे. त्याचा एक युक्तिवाद आम्हाला फार आवडतो. ज्या दूरच्या प्रदेशातल्या लोकांना शास्त्राचा गंधही नाही, तेदेखील विकतात, विकत घेतात. स्वत्व म्हणजे काय हे त्यांना कळत नसते, तर हा व्यवहार झालाच नसता.

आता गेमच्या दुकानात या. दुकानदार पाटी लावतो, ‘विकत घ्या’. गिऱ्हाईक पूर्ण किंमत मोजते, एकदाच. दरमहा भाडे नाही, परत करण्याची तारीख नाही. गौतमधर्मसूत्रात स्वामित्वाची जी कारणे दिली आहेत, त्यांत क्रय आहेच. लोकव्यवहाराच्या सगळ्या खुणा विक्रीच्या आहेत. आणि मग चाळीस पानांच्या, कुणीही न वाचलेल्या करारात एक नवे शास्त्र लिहिलेले असते की स्वत्व निर्माणच झाले नाही. म्हणजे पैसे घेताना लौकिक आणि देणे आले की शास्त्र! आमच्या मते सगळ्या प्रकरणातली खोट इथे आहे. नातवाला विज्ञानेश्वर माहीत नाही, पण त्याची तक्रार विज्ञानेश्वराच्या बाजूची आहे. वारशाचे तर विचारूच नका. स्टीमसारख्या दुकानात पंधरा वर्षे गेम घेतले तरी ते खाते करारानुसार दुसऱ्या कुणाच्या नावे करता येत नाही. ‘मिताक्षरे’त हा प्रश्न उठतो तोच मुळी दायभागाच्या निमित्ताने, हे लक्षात घ्या.

पुस्तकांच्या बाबतीत हा डाव पूर्वी एकदा खेळून झालेला आहे, बरं का. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीच्या आत छापले की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमीत विकाल तर ते हक्कभंग ठरेल. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाला सांगितले की एकदा प्रत विकलीत, आता तिच्यावर तुमचा असा ताबा चालणार नाही. आमची चौदा खोकी जाऊ शकली, ती याच साध्या समजुतीवर.

कांटची आठवण इथे अटळ आहे. १७८५ च्या एका छोट्या लेखात त्याने पुस्तकांच्या चोरट्या छपाईचा प्रश्न घेतला. पुस्तकाची प्रत ही वस्तू आहे आणि ती घेणाऱ्याची आहे. पण पुस्तकातून लेखक वाचकांशी बोलतो, ते बोलणे ही कृती आहे, आणि तिच्यावरचा हक्क लेखकाचा. चोरटा छापणारा लेखकाच्या अनुमतीविना त्याच्या वतीने बोलतो, म्हणून तो चुकतो. गेम कंपन्या याचेच उलट टोक गाठतात. वस्तू विकतात, आणि विकल्यावर सांगतात की ही वस्तू नव्हेच, आमची चालू असलेली कृती आहे, ‘सेवा’ आहे, वाटेल तेव्हा थांबवू.

आता खेळणाऱ्यांचेही कान धरायला हवेत, नाहीतर ही समीक्षा कसली? त्यांच्यात एक घोषवाक्य फिरते. खरेदी म्हणजे मालकी नसेल, तर फुकटची प्रत घेणे म्हणजे चोरी नव्हे. ऐकायला खणखणीत. पण यात व्याप्ती कुठे आहे? भाड्याच्या घराचे आपण मालक नसतो, म्हणून भाडे न देता कुलूप तोडून राहणे निर्दोष ठरत नाही. कंपनीने तुम्हाला फसवले, यातून तुमचा कंपनीवर दावा निर्माण होतो. ज्याने काहीच मोजले नाही त्याचा हक्क त्यातून निघत नाही. मात्र ज्याने पैसे मोजले आणि स्वतःच्याच प्रतीचे कुलूप तोडले, त्याची गोष्ट वेगळी. नातवाला आम्ही हा फरक सांगितला, तर तो म्हणाला, “तेच तर म्हणतोय मी.” तो नेमके तेच म्हणत नव्हता, पण असो. दुसरी पळवाट तासांची. ‘मी दोन हजार तास घातले, म्हणून हा गेम माझा.’ हेही चालायचे नाही. भाडेकरूसुद्धा हौसेने भिंती रंगवतो.

हा फरक कायद्यात कुठे दिसतो? अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने कुलूप फोडणे हेच मुळात बेकायदा ठरवले. सवलती दर तीन वर्षांनी मागून घ्याव्या लागतात. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आले, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेले. पण त्यात हक्कभंगाचा उद्देश असला पाहिजे, ही अट आहे. आपल्या संसदेने सांभाळलेला हा एक शब्द आम्हाला मोलाचा वाटतो. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून दुकानांना बजावले की नुसता परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ म्हणू नका. चांगले आहे, पण तोकडे आहे. पाटी खरी झाली, सौदा तोच राहिला.

‘द क्रू’ बंद पडल्यावर रॉस स्कॉट या अमेरिकन यूट्यूबकाराने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम काढली. युरोपीय संघापुढच्या नागरिक-प्रस्तावावर जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला गेला. त्यांची मागणी नीट ऐका. सर्व्हर अनंतकाळ चालवा असे ते म्हणत नाहीत. दुकान बंद करताना गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडून जा, एवढेच. उद्योगाचा आक्षेप असा की शेकडो लोकांनी एकत्र खेळायचे गेम असे सोडून देणे महाग आणि जोखमीचे. काही गेमच्या बाबतीत हा आक्षेप खरा असावा, तो आम्ही झटकून टाकत नाही. पण एकट्याने गाडी हाकायच्या गेमला तो लागू कसा? स्वतः युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘द क्रू २’ला इंटरनेटशिवायची सोय देऊ असे जाहीर केलेच की! आणि यात फक्त गिऱ्हाइकाचे नुकसान नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार, तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. उद्या कुणाला या कलेचा इतिहास लिहायचा झाला तर तो कुठल्या कपाटातून लिहिणार?

आमची खोकी गेली. नातवाने तो डीव्हीडीचा डबाही एका खोक्यात टाकला होता, आम्हाला न विचारता. ग्रंथपालबाईंचा फोन आला, “सर, हे दाखल नोंदवहीत कशाखाली घालू?” आम्ही म्हटले, भेट म्हणून घाला, देणाऱ्याचे नाव आमच्या नातवाचे लिहा. त्या म्हणाल्या, “पण चालत नाही ना ते?” त्यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही. प्रश्नोत्तरांना वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. मागच्या रांगेतल्या तरुण मंडळींनी आधी विचारावे.