अपरिचित पुस्तके, परिचित खाडी

शाळेच्या ग्रंथालयासाठी विज्ञानाची पुस्तके घ्यायची म्हटले की आपली यादी बहुधा ठरलेली असते. शास्त्रज्ञांची चरित्रे, ‘सोपे प्रयोग’ या धर्तीची दोन-चार पुस्तके, एखादा चित्रमय कोश आणि पैसे उरले तर सामान्यज्ञानाची प्रश्नोत्तरे. या पुस्तकांविषयी कोणी मत विचारले तर उत्तरही ठरलेले असते : “छान आहे, मुलांना आवडते.” याला मत म्हणता येणार नाही, हा शिष्टाचार झाला. प्रयोगाचा निष्कर्ष लिहिताना आपण मुलांकडून कृती, निरीक्षण आणि कारण मागतो. पुस्तकाविषयी मत देताना मात्र आपण स्वतः ते देत नाही.

बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली की गोराई लागते. एका बाजूला तिवरांची खाडी, दुसऱ्या बाजूला वाळूचा किनारा, मध्ये गाव, शेते आणि बोंबील वाळवण्याच्या वलांडी. या परिसरात शिकवणाऱ्या आम्ही सहा जणांनी वर्षभरात पाच अशी पुस्तके वाचली, जी सहसा कोणाच्या यादीत नसतात. प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न विचारायचे ठरले होते. लेखकाने स्वतः पाहिले आहे, की ऐकीव लिहिले आहे? पुस्तकातील एक तरी गोष्ट आपल्या किनाऱ्यावर करून पाहता येते का? आणि आपल्या मुलांच्या घरात जे ज्ञान आहे, त्याला या पुस्तकाशेजारी जागा मिळते का? पुढील मजकूर हा या प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांचा, आणि मतभेदांचाही, गोषवारा आहे.

एका शिक्षकाची मुंबई

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. इतिहासाचे अभ्यासक ते जाणतात, विज्ञानाचे शिक्षक फारसे नाहीत. माडगांवकर स्वतः शिक्षक होते. आगगाडी सुरू होऊन पाच वर्षे झाली तोच, १८५८ मध्ये, त्यांनी लोखंडी रस्त्यांवर मराठीत पुस्तक लिहिले होते. नवे यंत्र आले की ते लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे, ही त्यांची धारणा आपल्या मासिकाच्या वाचकांना परकी वाटणार नाही.

आमच्यापैकी दोघांना हे पुस्तक कंटाळवाणे वाटले. वस्ती, धंदे, व्यापार, संस्था यांच्या याद्या वाचताना दम लागतो, ही तक्रार खरी आहे. शिवाय त्या काळी गोराई मुंबईत नव्हती, ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्यात होती. म्हणून आपले गाव पुस्तकात शोधू नये. परंतु आठवीला शिकवणाऱ्या एका बाईंनी त्याचा उपयोग नेमका हेरला. “हे वाचायचे पुस्तक नाही, हा नमुना आहे. आपल्या गावाचे असे वर्णन मुलांकडून करवून घ्यायचे : विहिरी किती, वापरात किती, होड्या किती, जाळी कोणत्या प्रकारची.” हे मत आम्हा सर्वांना पटले. मोजणे आणि नोंदणे ही विज्ञानाची पहिली पायरी आहे, आणि या पाचांत मुळातच मराठीत लिहिलेले पुस्तक हे एकच.

विनोदी निसर्गनिरीक्षक

सर्वांत जास्त वाद झाला तो एडवर्ड हॅमिल्टन ऐटकेन यांच्या ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ या १८८३ च्या पुस्तकावर. ऐटकेन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्याचा. नोकरी जकात व मीठ खात्यात, म्हणजे आयुष्य किनाऱ्यावर आणि मिठागरांवर गेले. १८८३ मध्येच स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी ते लिहीत.

पुस्तकाची कल्पना अशी : बंगला म्हणजे साम्राज्य, आणि उंदीर, डास, मुंग्या, कावळे, पाली, वाळवी या सरहद्दीवरच्या टोळ्या. प्रत्येक टोळीला एक प्रकरण. निरीक्षण विलक्षण बारीक आहे. विज्ञानासाठी दूर जावे लागत नाही, घरातल्या भिंतीवर ते चालू असते, ही गोष्ट इतक्या सहजपणे सांगणारी पुस्तके थोडी आहेत.

डासांचे प्रकरण वर्गासाठी फार मोलाचे आहे, ते त्यात काय आहे यापेक्षा काय नाही यासाठी. डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे दाखवले ते १८९७ साली. त्याच्या चौदा वर्षे आधीचा ऐटकेन यांचा डास हा निव्वळ झोपमोड करणारा त्रास आहे. पुढे हेच ऐटकेन डासांच्या अभ्यासात पडले आणि अॅनोफिलीस कुळातल्या एका डासाला त्यांचेच नाव मिळाले : अॅनोफिलीस ऐटकेनाय. एकाच माणसाच्या आयुष्यात डास विनोदाचा विषय न राहता संशोधनाचा विषय झाला. विज्ञान बदलते म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

आता मतभेद. आमच्यातील एका शिक्षकांचे म्हणणे स्पष्ट होते : “टोळ्या हा शब्द त्या काळी खऱ्याखुऱ्या माणसांसाठी वापरत होते. साहेबाच्या लेखी आपण आणि वाळवी एकाच रांगेत. हे मुलांच्या हाती देणार नाही.” याच लेखकाच्या ‘बिहाइंड द बंगलो’ या १८८९ च्या पुस्तकात तर घरातील नोकर हाच विनोदाचा विषय आहे. दुसरी बाजू अशी की, वरच्या वर्गातल्या मुलांना हे दाखवावे आणि विचारावे : पाहणारा कोठे उभा राहून पाहतो आहे? माझे मत विचाराल तर पुस्तक शिक्षकांच्या कपाटात ठेवावे, मुलांच्या नव्हे. त्यातली पाहण्याची रीत घ्यावी, बोलण्याची घेऊ नये. मुंगीचे निरीक्षण करायला साम्राज्याचे रूपक लागत नाही.

खेकड्यांचा प्रबंध

बी. एफ. छापगर यांचा ‘मरीन क्रॅब्ज ऑफ बॉम्बे स्टेट’ हा १९५७ चा प्रबंध. तारापोरवाला मत्स्यालयाशी जोडलेल्या या शास्त्रज्ञाने त्या वेळच्या मुंबई राज्याच्या किनाऱ्यावरील खेकड्यांची शास्त्रीय वर्णने त्यात दिली आहेत. तो सलग वाचण्यासाठी लिहिलेला नाही, आणि आमच्यापैकी कोणीही तो सलग वाचला नाही. ज्या बाईंकडे तो दिला होता त्यांनी पाच पानांनंतर हात टेकले. परिभाषा इंग्रजी, तीही लॅटिनने भरलेली.

पण त्यांनी त्यातून एक युक्ती उचलली, ती म्हणजे ओळखसूचीची. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न, उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’, आणि त्यानुसार पुढची पायरी. सातवीच्या मुलांनी गोराईच्या पाच खेकड्यांसाठी अशी सूची मराठीत केली. दोन नांग्यांपैकी एक फार मोठी आहे का? असल्यास चिखलातला, नांगी हलवून इशारे करणारा नर. वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी बिळाभोवती आहे का? असल्यास वाळू चाळून खाणारा छोटा खेकडा. मागच्या पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी आहे का? असल्यास पोहणारा. या शेवटच्या प्रश्नावर कोळ्यांच्या मुली बाईंच्या पुढे होत्या. चिंबोरी हाताळताना हा पाय त्यांनी कितीदा तरी पाहिला होता, त्यावरून वर्गीकरण होते हे मात्र त्यांना नवीन होते. रुक्ष पुस्तक वाईट असतेच असे नाही, ते योग्य शिक्षकाच्या हाती पडावे लागते.

अटलांटिकचा काठ आणि आपला

रेचल कार्सन म्हटले की आपल्याला कीटकनाशकांवरचे ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) आठवते. त्याआधी त्यांनी समुद्रावर तीन पुस्तके लिहिली, हे कमी जणांना ठाऊक असते. तिसरे ‘द एज ऑफ द सी’ १९५५ चे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचे तीन भाग त्यात आहेत : खडकाळ, वाळूचा आणि प्रवाळाचा. लाट, भरती आणि प्रवाह यांनी कोणता जीव कोठे राहणार हे कसे ठरते, हा पुस्तकाचा गाभा.

“न्यू इंग्लंडच्या शंखांशी आपल्या मुलांना काय करायचे आहे?” हा आक्षेप लगेच आला. आक्षेप योग्य आहे, कारण पुस्तकातले प्राणी आपले नाहीत. फ्लोरिडाच्या भागात तेथील खारफुटी येते, तीही आपल्या कांदळाच्या जातकुळीतली. तिचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे रोप खाली पडते. गोराईत जिकडे तिकडे दिसते ते तिवर. त्याचा अंकुर बीजावरण फोडतो, पण फळाच्या सालीतच राहतो आणि फळ पाण्यात पडल्यावर बाहेर येतो. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे असतात. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाड तो वरून घेते. हा फरक समजावून न देता पुस्तक वाचून दाखवले तर मुले खाडीत शेंगा शोधत बसतील.

परंतु पुस्तकाने दिलेला प्रश्न इथेही लागू पडतो : हा जीव इथेच का, दहा पावले वर किंवा खाली का नाही? ओहोटीच्या वेळी भरतीच्या खुणेपासून पाण्यापर्यंत सुतळी ताणून, दर पाच मीटरवर हातभर चौकोनात काय आहे ते लिहिले, की मुलांना पट्टे दिसू लागतात. असे करताना भरतीची वेळ आधी पाहून ठेवावी आणि गावातील एक जाणता माणूस सोबत घ्यावा. गोराईचा समुद्र शांत दिसतो तेवढा सौम्य नाही.

पेरेलमन आणि पाऊणपट

याकोव्ह पेरेलमन यांच्या ‘फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट’चा पहिला भाग रशियात १९१३ साली निघाला. लेखक १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने वारले. सोव्हिएत प्रकाशनांच्या इंग्रजी आवृत्त्या एके काळी आपल्याकडे वडापावच्या पैशांत मिळत. १९९१ मध्ये तो देश संपला आणि पुस्तकांचा तो ओघही आटला. जुन्या बाजारात प्रत दिसली तर सोडू नये.

पेरेलमन प्रयोगशाळा मागत नाहीत, शंका मागतात. सूर्याभोवती आपण रात्री जास्त वेगाने जातो की दिवसा? पृथ्वीचा कक्षेतील वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. मुंबईच्या अक्षांशावर स्वतःभोवती फिरण्याचा वेग सुमारे ०.४४ किलोमीटर. मध्यरात्री दोन्ही एकाच दिशेला असतात, म्हणून बेरीज. दुपारी बारा वाजता उलट, म्हणून वजाबाकी. तेव्हा रात्री!

सहाही जणांचे या पुस्तकावर एकमत झाले. आमच्यातील गणिताच्या शिक्षकांनी त्याच पद्धतीने गावातलाच एक ठोकताळा तपासायला घेतला. पूर्ण भरती किती वाजता, हे काढण्यासाठी कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ही पाऊणपट आली कोठून? एका चांद्रमासात तिथी ३०. तेवढ्यात चंद्र सूर्याच्या तुलनेत एक पूर्ण फेरी मागे पडतो, म्हणजे २४ तास. एका तिथीला २४ भागिले ३०, म्हणजे ४८ मिनिटे. तासाचे चार-पंचमांश. पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटे, म्हणजे तिथीमागे फक्त तीन मिनिटांची चूक. पण ती साठत जाते. पंधराव्या तिथीला पाऊणपटीने सव्वाअकरा येतात, चार-पंचमांशाने बरोबर बारा.

मग चार-पंचमांश खरे आणि पाऊणपट खोटी? तसेही नाही. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीचा मेळ रोज बदलतो, म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती रोज कमी मिनिटांनी पुढे सरकते आणि अष्टमीच्या आसपास जास्त मिनिटांनी. दोन्ही गुणाकार सरासरीचे आहेत. नवव्या वर्गाने महिनाभर मुंबईच्या भरतीच्या तक्त्याशी दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत आणि फरकाचा आलेख काढावा. ज्या मुलाच्या आजोबांना हा हिशेब तोंडपाठ आहे, त्याला त्या दिवशी कळेल की आजोबा ज्योतिष सांगत नव्हते, सन्निकट मूल्य सांगत होते.

कपाटात काय ठेवावे

पैसे थोडे असतील तर माझा क्रम असा : पेरेलमन सर्वांसाठी, कार्सन आणि ऐटकेन शिक्षकांसाठी, माडगांवकर नमुन्यासाठी. छापगर मोठ्या ग्रंथालयातून आणून, सूची करून परत करावे.

एक गोष्ट मात्र बोचत राहते. पाचांपैकी चार पुस्तके इंग्रजीतून वाचावी लागली. त्यांतील दोन तर याच मुंबई इलाख्यात, इथलेच जीव पाहून लिहिलेली आहेत. ज्या मुलांच्या अंगणातली ही माहिती आहे, त्यांच्यापर्यंत ती त्यांच्या भाषेत पोहोचत नाही. मग विज्ञान म्हणजे दूरच्या शहरातली, दुसऱ्यांची गोष्ट अशी समजूत झाली तर दोष मुलांचा नाही. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष ठरवले. निर्णय स्तुत्य आहे, पण चिप्पी कोणती आणि तिवर कोणते हे ओळखणारी मुले तयार झाली तरच त्याला अर्थ.

भाषांतराची वाट पाहत बसण्याऐवजी आम्ही एक छोटा उपाय केला. ज्याने जे पुस्तक वाचले त्याने दोन पाने मराठीत लिहायची : काय पटले, काय पटले नाही, आपल्या किनाऱ्यावर काय करून पाहिले, काय जुळले नाही. ही पाने पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या खिशात ठेवायची. पुढचा वाचक त्यात भर घालेल किंवा खोडून काढेल. आपल्याही शाळेच्या कपाटात वर्षानुवर्षे कोणी न उघडलेले एखादे पुस्तक असेल. ते काढावे, गावात नेऊन तपासावे आणि दोन पाने लिहावीत. ‘छान आहे’ हे शब्द मात्र त्यात नसावेत.