थोड्या शब्दांतली भीती

नुकतंच वाचायला लागलेलं मूल ओळीखाली बोट ठेवतं, अक्षरं जुळवतं, अडतं, पुन्हा मागे येतं. भुताच्या गोष्टीला याहून चांगला वाचक मिळणार नाही. गोष्टीतलं दार आपल्याला क्षणात उघडता येतं. या मुलाला त्यासाठी अख्खं वाक्य चढून जावं लागतं, आणि तोवर दारामागे काहीही असू शकतं. अमेरिकेतली हॅलोवीनची सोपी पुस्तकं मी याच कसोटीवर पाहते.

तिथल्या सोप्या पुस्तकांना १९५७ मध्ये खरा जोर आला. एल्सा मिनारिक यांचं ‘लिटल बेअर’ आणि डॉ. स्यूस यांचं ‘द कॅट इन द हॅट’ त्याच वर्षीची. दुसऱ्यात वेगवेगळे शब्द अवघे २३६. मराठीत पहिल्या वाचनासाठी जोडाक्षरं टाळून लिहितात, तशीच ही शिस्त. धोकाही दोन्हीकडे तोच: शब्द सोपे होतात आणि गोष्ट हातची जाते.

भीतीच्या गोष्टीत मात्र ही शिस्त कथेच्याच कामी येते. ॲल्विन श्वार्ट्झ यांचं ‘इन अ डार्क, डार्क रूम’ (१९८४) पाहा. लोककथांच्या परंपरेतून घेतलेल्या छोट्या गोष्टी, डर्क झिमर यांची चित्रं. त्यातल्या जेनीच्या गळ्यात कायम हिरवी फीत असते. का, हे ती सांगत नाही. लग्न होतं, म्हातारपण येतं, आणि मरणाच्या दारी ती नवऱ्याला फीत सोडू देते. तिचं डोकं खाली पडतं. वर्णन नाही, किंकाळी नाही. एक सबंध संसार मोजक्या पानांत सरतो आणि प्रश्न शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहतो. मोठ्यांच्या कथांमध्येही इतकी काटकसर मला क्वचित दिसते.

अर्नोल्ड लोबेल यांची वाट वेगळी. ‘डेज विथ फ्रॉग अँड टोड’मधल्या (१९७९) ‘शिव्हर्स’ या गोष्टीत रात्र थंड आहे, किटलीत चहा आहे आणि फ्रॉग टोडला लहानपणीची भयकथा सांगतो आहे. टोड मध्येच विचारतो, हे खरंच घडलं का? फ्रॉगचं उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. भीती आणि मित्राची ऊब एकाच खोलीत बसलेली असतात. या गोष्टीत हॅलोवीनचं नावसुद्धा नाही. तरी त्या रात्री वाचायला याहून योग्य गोष्ट मला माहीत नाही.

लिंडा विल्यम्स यांच्या ‘द लिटल ओल्ड लेडी हू वॉज नॉट अफ्रेड ऑफ एनीथिंग’मध्ये (१९८६) बूट, पँट, शर्ट, हातमोजे, टोपी असं एकेक म्हातारीच्या मागे लागतं आणि प्रत्येक वेळी आधीचे सगळे आवाज पुन्हा येतात. कावळा-चिमणीची गोष्ट ऐकलेल्या कानांना हे तंत्र ओळखीचं वाटेल. तिसऱ्या फेरीला मूल पुढचा शब्द न पाहता म्हणतं, मग पानावर तो बरोबर सापडतो, आणि त्याला वाटतं, आपण वाचलं.

याउलट सणापुरती काढलेली पुष्कळशी पुस्तकं भोपळा, पोशाख आणि चॉकलेटं यांच्यापलीकडे जात नाहीत. शब्द सोपे, चित्रं चकचकीत, भूत हसरं, आणि पान उलटावं असं काहीच नाही. आवडत्या पात्राला चेटकिणीची टोपी घातली की गोष्ट झाली, असा समज त्यांत दिसतो. मुलं घाबरतील म्हणून भीती काढून टाकली जाते आणि वाचण्याचं कारणही तिच्याबरोबर जातं.

अमेरिकेतल्या मराठी घरांत ३१ ऑक्टोबरला मुलं पिशव्या भरून परततील. त्या रात्री लोबेल किंवा श्वार्ट्झ यांचं एखादं पुस्तक काढा. वाचू मात्र मुलालाच द्या. ते अडलं तरी लगेच शब्द सांगू नका, नुसते शेजारी बसा.