चित्रात्मक प्रोग्रॅमिंगमधील स्थिर-बिंदू अंकगणित : एक चिकित्सा

प्रस्तावना : गिरगावातील खोताची वाडी दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखली जाते. अशा वस्त्यांतील जुन्या पिढीने पावकी, निमकी पाठ केली होती आणि घरखर्च रुपये-आणे-पै या मानाने मांडला होता. रुपयाचे 16 आणे, म्हणजे निम्म्याचे निम्मे अशी चार वेळा केलेली विभागणी होय. संगणकातील स्थिर-बिंदू अंकगणिताचे तत्त्व याहून फारसे वेगळे नाही. त्यात संख्या पूर्णांक म्हणून साठविली जाते व तिचे एकक आधीच ठरविलेले असते. अपूर्णांकासाठी 4 बिट राखल्यास लहानात लहान पायरी 1/16, म्हणजे रुपयाच्या हिशेबात नेमका एक आणा येते.

विवेचन : अडचण उद्भवते ती मान बदलताना. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणेपद्धती अमलात आली. अधिकृत कोष्टकाने 2 आण्यांचे 12 व 4 आण्यांचे 25 नये पैसे ठरविले. दोनदा 2 आणे दिल्यास 24 नये पैसे होत, एकदम 4 आणे दिल्यास 25. आधी बेरीज की आधी पूर्णांकन, या क्रमावर कोणाचा तरी पैसा अवलंबून होता.

1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅबव्ह्यू या चित्रात्मक प्रणालीत हाच प्रश्न उपस्थित होतो. तेथे आज्ञा लिहिण्याऐवजी चौकटी तारांनी जोडल्या जातात. एफपीजीए चिपवर स्थिर-बिंदू गणित कमी जागेत होते, म्हणून त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. मात्र संख्येची रुंदी, पूर्णांकनाची रीत आणि मर्यादा ओलांडल्यास काय करावे, हे निर्णय गुणधर्मांच्या खिडकीत राहतात. तारेकडे पाहून ते कळत नाहीत. चिन्हासह 8 बिट व त्यांपैकी 4 अपूर्णांकासाठी, अशी रचना घेतल्यास कमाल मूल्य 7.9375 असते. 7 व 2 यांची बेरीज याच साच्यात बसविल्यास एका पर्यायाने उत्तर 7.9375 येते, तर दुसऱ्याने उणे 7. आकृती मात्र दोन्ही वेळा तीच दिसते. मर्यादाभंगाचा संकेत सोबत ठेवण्याची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे.

अशा सूक्ष्म त्रुटीची किंमत 25 फेब्रुवारी 1991 रोजी धहरान येथे मोजावी लागली. 0.1 सेकंद हे मूल्य 24 बिटांत नेमके बसत नसल्याने, सुमारे 100 तास सलग चालू असलेल्या पॅट्रियट यंत्रणेच्या कालमापनात 0.34 सेकंदांची चूक साचली. क्षेपणास्त्र अडविले गेले नाही व 28 सैनिक मृत्युमुखी पडले. ती प्रणाली चित्रात्मक नव्हती. परंतु अंकगणिताचा दोष याच जातीचा होता.

निष्कर्ष : चित्रात्मक मांडणी प्रोग्रॅमचा प्रवाह सुबोध करते, पण संख्येचे मान दृष्टीआड ठेवते. 1957 चे कोष्टक सर्वांसमोर होते. त्यामुळे पैसा कोठे गेला हे विचारता येत होते. प्रयोगवहीत आकृतीसोबत रुंदी, पूर्णांकन व मर्यादाभंग यांची नोंद अनिवार्य केल्यास विद्यार्थ्यालाही तो प्रश्न विचारता येईल.