‘जोडणी तपासा’ म्हणजे नेमके काय तपासायचे?

अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना २०१६ साली आली आणि मायक्रोकंट्रोलर शाळेच्या बाकावर आला. ही चिप मंडलातून न काढता, आहे तिथेच तिच्यात प्रोग्राम भरता येतो. त्यासाठी सहा तारा पुरतात: दोन वीजपुरवठ्याच्या आणि एमओएसआय, एमआयएसओ, एससीके व रीसेट या चार. काम अडले की विद्यार्थ्यापुढे सहसा दोन लिखाणे येतात. एक, एव्हीआरड्यूड या मोफत प्रोग्रामचा पडद्यावरचा संदेश. दुसरे, ॲटमेल कंपनीची (२०१६ पासून ती मायक्रोचिपकडे आहे) एव्हीआर०४२ ही टिपणी. शिकवण्याच्या दृष्टीने दोन्ही कितपत उपयोगी आहेत, ते पाहू.

संदेशाचा गुण असा, की चिपकडून आलेली ओळखखूण तो जशीच्या तशी छापतो. ॲटमेगा३२८पी या चिपची खूण १ई ९५ ०एफ. तिच्या जागी १ई ९५ १४ आले, तर संकेत ठीक आहेत. समोरची चिप मात्र ‘पी’ नसलेली ॲटमेगा३२८ आहे. सगळी शून्ये किंवा सगळे एफएफ आले, तर एमआयएसओची तार एकाच पातळीवर अडकली आहे. दर वेळी निराळी खूण आली, तर संकेत वाटेत बिघडतो आहे. एवढी माहिती हाती असताना जुन्या आवृत्त्यांतला संदेश शून्ये किंवा एफएफ दिसताच इतकेच सांगतो: जोडणी तपासा, नाहीतर ‘-एफ’ देऊन ही तपासणी ओलांडा. हा दुसरा सल्ला आम्हाला घातक वाटतो. जिथे तीन बाइट धड वाचता येत नाहीत, तिथे लिहिलेले बरोबर उतरेल कसे? त्यात घड्याळाचे फ्यूज चुकीचे लिहिले गेले, तर चांगली चिप मुकी होते आणि ‘जळाली’ म्हणून टाकून दिली जाते.

शिवाय जोडणी बरोबर असूनही संकेत बिघडतो. सोलापुरात सात रस्त्यावर उभे राहिले की हे पटेल. रस्ते चांगले असले, तरी दोन बाजूंची वाहने एकदम चौकात शिरली की कोंडी होते. एमआयएसओ ही अशीच सामायिक वाट आहे. प्रोग्राम भरताना चिप रीसेटमध्ये धरलेली असते, म्हणून तिच्या इतर पिना कोणतीही पातळी धरत नाहीत. एसडी कार्ड मॉड्यूलची निवड-पिन अशी अधांतरी राहिली, तर तेही त्याच तारेवर बोलू लागते.

एव्हीआर०४२ इथे नेमका उपाय देते: सामायिक तारांवरच्या इतर घटकांना सुमारे ३३० ओहमचा रेझिस्टर एकसर जोडा. मग ५ व्होल्टला त्यांच्याकडून फार तर १५ मिलिअँपिअर प्रवाह येतो आणि चिपचे उत्तर वरचढ ठरते. सल्ला उत्तम, पण तो मंडल आखणाऱ्यासाठी आहे. मंडल बनून अडले, तर दोष कसा शोधायचा, हे ती शिकवत नाही.

ती उणीव शिक्षकाने भरायची आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी सामायिक मॉड्यूल काढून पाहा. खूण बरोबर आली, तर दोषी सापडला. रेझिस्टर घाला आणि निवड-पिन १० किलोओहमने धन पुरवठ्याला जोडा. नाही आली, तर वेग कमी करा. नवी ॲटमेगा३२८पी १ मेगाहर्ट्झवर चालते आणि एससीके त्याच्या चौथ्या भागाहून, म्हणजे २५० किलोहर्ट्झहून, कमी लागतो. यूएसबीएएसपी प्रोग्रामरचा नेहमीचा वेग ३७५ आहे. ‘-बी १०’ दिल्यास तो ९४ च्या आसपास येतो. तरीही अडले, तर प्रोग्राम भरताना रीसेट खरोखर शून्य व्होल्टजवळ उतरतो का, ते मल्टिमीटरने मोजा.

प्रत्येक पायरीआधी ‘आता काय दिसेल?’ हे विद्यार्थ्याकडून वहीत लिहून घ्यावे. तारा हलवत बसण्याची सवय मोडून तो कारण शोधू लागेल. पडद्यावरच्या संदेशाने हेच करायला हवे होते.